ई३६ एम३ साठी पॉलियुरेथेन गिअरबॉक्स माउंट आणि ॲल्युमिनियम कप: दोन्ही पार्ट चांगले, पण एकमेकांत सरळ बसत नाहीत

माझी गाडी १९९८ ची बीएमडब्ल्यू ई३६ एम३, अमेरिकन मॉडेल, ३.२ लिटरचं एस५२ इंजिन, २४० हॉर्सपॉवर आणि झेडएफचा ५ गिअरचा गिअरबॉक्स. मी मिशिगनमध्ये राहतो आणि वर्षातनं तीन-चार वेळा साउथ हेवनला जिंजरमॅन ट्रॅकवर गाडी नेतो. बाकीचे दिवस तीच गाडी घेऊन किराणा आणायला पण जातो, म्हणजे ही फक्त ट्रॅकची गाडी नाही, हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं मत त्याच्यावर आहे.

गिअरबॉक्स माउंटच्या, म्हणजे गिअरबॉक्स ज्याच्यावर टेकतो त्या आधाराच्या मागे का लागलो ते सांगतो. मागच्या सीझनला एका डाव्या वळणातनं बाहेर पडताना फुल थ्रॉटलवर तिसऱ्यातनं चौथा टाकायला लिव्हर सरळ मागे ओढला आणि तो मला दुसऱ्या गिअरच्या गाळ्याकडे (लिव्हर ज्या खाचेत जातो तिकडे) जाताना हाताला जाणवला. क्लच दाबलेलाच होता, सोडला नाही, म्हणून वाचलो. या गिअरबॉक्सचा दुसरा गिअर २.४९ आणि तिसरा १.६६, म्हणजे तिसऱ्यात साडेसहा हजार आरपीएमला असताना चुकून दुसरा पडला आणि क्लच सुटला तर चाकं इंजिनाला ९७५० पर्यंत फिरवणार. तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन तो थांबवणार कसा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागले की इंजिन गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बोल्ट केलेले असतात, पुढे इंजिनाचे दोन माउंट आणि मागे गिअरबॉक्सच्या शेपटीला क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीवर, दोन छोटे रबरी माउंट. हे मागचे रबर म्हातारे झाले की जोरात वळताना गिअरबॉक्स बाजूला सरकतो, आपला हात मात्र सीटच्या हिशेबाने सरळ मागे येतो आणि गाळा चुकतो. गाडी जॅकवर घेऊन खाली सरकलो आणि गिअरबॉक्स हाताने ढकलला तर तो दिसेल इतका हलत होता, दोन्ही रबरांना प्लेटजवळ गोल चीर पडलेली आणि एक रबर तर तेलाने फुगून मऊ लोण्यासारखं झालेलं.

मग दोन गोष्टी मागवल्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक म्हणजे पॉलियुरेथेनचे माउंट, शोअर ए ८० कडकपणाचे, दोन्ही टोकांना स्टड, म्हणजे आटे असलेला दांडा. जोडीला ७० डॉलर पडले. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियमचे कप, हे क्रॉसमेंबर आणि माउंटच्या मधे बसतात आणि माउंटच्या भोवती भिंत उभी राहते, म्हणजे माउंट थोडा हलू शकतो पण एका मर्यादेपलीकडे बाजूला जाऊच शकत नाही. कल्पना मला मनापासून आवडते. त्याचे ५५ डॉलर. कपाच्या पानावर लिहिलेलं की ओरिजिनल आणि आफ्टरमार्केट दोन्ही माउंटना चालतो.

चालत नाही. पॉलीचा माउंट व्हर्निअरने मोजला तर कपाच्या आतल्या मापापेक्षा व्यासाला दीड मिलिमीटर मोठा. कप ओरिजिनल रबराचं माप धरून केलेला आहे, त्याच्यात ओरिजिनल टाकला की भोवती छान गॅप राहतो. पॉली आत जातच नाही, आणि हातोडीने ठोकून घातला असता तर अजून वाईट, कारण पॉलियुरेथेन दाबलं की लहान होत नाही, बाजूला फुगतं. फुगायला जागाच नसली तर तो माउंट राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होतो, सगळी थरथर बॉडीत आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या केसिंगवर. पुढे इंजिनाचे माउंट जुने आणि मऊ असतील तर केसिंगचे कान तुटू शकतात. दुसरी अडचण कपाच्या तळाची. तळ ३ मिलिमीटर जाड, म्हणजे गिअरबॉक्स ३ मिलिमीटर वर उचलला जातो आणि तेवढाच स्टड कमी पडतो. नायलॉन लॉकनट लावून बघितला तर स्टडचं टोक नायलॉनच्या रिंगपर्यंत पोचतच नव्हतं. असा नट महिनाभरात सुटून पडणार.

पहिला प्रयत्न बेल्ट सँडरवर केला आणि तो कुणी करू नका. पॉली घासलं जात नाही, वितळतं, चिकट लगदा होऊन पट्ट्यावर बसतं आणि वासाने डोकं धरतं. मास्क होता तरी गॅरेज उघडं टाकून बाहेर यावं लागलं.

मग काकांना फोन लावला. काकांचं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे, आयुष्य लेथवर गेलं. इथे रात्रीचे साडेदहा म्हणजे तिकडे सकाळचे आठ, ते नुकतेच शटर वर करत होते. व्हिडिओवर माउंट दाखवला तर पहिला प्रश्न, "टूल कुठलं हाय तुझ्याकडं?" मी म्हटलं काका, कार्बाइडच्या टिप आहेत. "त्या ठेव बाजूला. एचएसएसचं टूल घे, ब्लेडगत धार काढ, वरनं रेक भरपूर दे. रबर कापायचं असतंय, घासायचं नसतंय. आणि रातभर बर्फात ठेव त्याला, कडक झाल्याशिवाय टूलखाली दबतंय." (एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टील, रेक म्हणजे टूलच्या वरच्या बाजूचा उतार.) स्टड चकमध्ये धरला तर आटे मोडतील म्हणून त्यावर लांब नट चढवून तो नट धरायचा, आणि दुसऱ्या स्टडच्या टोकाला सेंटर ड्रिल मारून टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार द्यायचा, हे पण त्यांनीच सांगितलं. मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

दोन्ही माउंट रात्रभर फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी ठेवले, आणि सकाळी थर्मासच्या डब्यात घालून मित्राच्या गॅरेजमध्ये, त्याच्याकडे छोटा बेंच लेथ आहे. फरक इतका की विश्वास बसेना. टूल लागलं की अखंड लांब शेव निघते, लाल रंगाची, आणि मागे पृष्ठभाग अगदी साबणासारखा गुळगुळीत. ती शेव चकला गुंडाळते तेवढं सांभाळायचं, लेथ बंद करूनच काढायची, चालू असताना हात घालायचा नाही. आठ-दहा मिनिटांत माउंट गरम होऊन परत मऊ पडायला लागतो, मग तो डब्यात आणि दुसरा बाहेर, असं आलटून पालटून केलं. व्यासातनं साडेतीन मिलिमीटर काढले, म्हणजे कपात बसवल्यावर चारी बाजूंनी १ मिलिमीटर गॅप. मी आधी अर्धा ठेवणार होतो, काका म्हणाले वजन बसल्यावर पोट सुटतंय त्याचं, १ ठेव. बरोबर होते. गिअरबॉक्सचं वजन बसल्यावर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर गॅप जेमतेम पाऊण राहिला होता.

कपाचा तळ लेथवर आतून फेस करून, म्हणजे सपाट कापून, ३ मिलिमीटरचा २ केला. त्याच्याखाली जायला काकांनी नाही म्हटलं, बोल्टच्या भोकापाशी तडा जाईल म्हणून. नायलॉनच्या नटाऐवजी पूर्ण धातूचा, कमी उंचीचा लॉकनट घेतला, आता नटाच्या बाहेर दोन आटे स्वच्छ दिसतात. उरलेली २ मिलिमीटर उंची क्रॉसमेंबर आणि बॉडीच्या मधे तेवढ्याच जाडीचे वॉशर टाकून खाली घेतली. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण गिअरबॉक्सची शेपटी वर गेली की प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि त्याचा त्रास ग्विबोला, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या रबरी कपलिंगला होतो. सगळं खोललंच होतं म्हणून ग्विबो पण नवीन टाकला आणि शाफ्टच्या मधलं सेंटर बेअरिंग परत बांधताना ते पुढच्या बाजूला ४ ते ६ मिलिमीटर सरकवून प्रीलोड द्यायला विसरलो नाही.

आता गाडी कशी चालते. थ्रॉटल सोडताना-दाबताना गिअरचा लिव्हर पूर्वी पुढेमागे डुलायचा, ते पूर्ण गेलं. गिअर बदलताना खट् असा एक स्पष्ट आवाज आणि हाताला नक्की जागा लागते. जिंजरमॅनला पूर्ण दिवस चालवली, त्याच डाव्या वळणावर प्रत्येक लॅपला तिसऱ्यातनं चौथा, एकदाही गाळा चुकला नाही. चौथ्या-पाचव्या लॅपनंतर मी त्या वळणाला श्वास धरून बसणं सोडलं, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. त्रास पण आहे: गाडी उभी असताना आयडलवर आरशात मागची गाडी थोडी थरथरताना दिसते, आणि अडीच ते तीन हजारच्या मधे मागच्या सीटखालून घुमल्यासारखा आवाज येतो. बायकोला तो आवाज लगेच कळला. हायवेवर पाचव्यात त्याच रेंजमध्ये तास-दोन तास जावं लागतं, तेव्हा जाणवतो. गॅप न ठेवता कुणी हे बसवलं असेल तर त्याच्या गाडीत काय होत असेल याचा विचारच करवत नाही.

पॉली माउंटला मी ५ पैकी ४ देईन, मटेरियल एक नंबर, दोन्हीची मापं एकसारखी, स्टड सरळ. कपाला ३. मशिनिंग सुंदर आहे, कडा मोडलेल्या, ॲनोडायझिंग एकसारखं, पण सगळ्या माउंटना चालतो हे लिहिणं चूक आहे आणि आतला व्यास पानावर दिलेला नाही, तो एक आकडा दिला असता तर मी आधीच मोजून घेतलं असतं. कंपनीला मापांसकट मेल केला, उत्तर आलं की कप परत पाठवा, पैसे देतो. चांगलं वागले, पण पानावरचं वाक्य अजून तसंच आहे.

रोज ऑफिसला नेणारी गाडी असेल तर पॉली घेऊच नका. नवीन ओरिजिनल रबरी माउंट आणि हेच कप घ्या, लेथ लागत नाही, व्यास कापावा लागत नाही, फक्त स्टडचे आटे नटाच्या बाहेर येतात का ते बघा आणि उंचीचे वॉशर टाका. ट्रॅकवर नेत असाल आणि पॉलीच हवं असेल तर कप मागवायच्या आधी दोन्ही कंपन्यांना व्यास विचारा. आणि इंजिनाचे माउंट जुने असतील तर ते आधी बदला. माझे मी मागच्याच वर्षी बदलले होते म्हणून एवढं धाडस केलं.

काकांना ट्रॅकचा व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी गाडीबद्दल काहीच लिहिलं नाही, फक्त विचारलं की टूलची धार शेवटपर्यंत टिकली का. टिकली, काका. दुसऱ्या माउंटच्या शेवटच्या कटला एकदा ऑइलस्टोनवर फिरवली तेवढंच.