बर्जेस की हॉयट? एपी ह्युमन जिऑग्राफीची (अमेरिकेतल्या हायस्कूलमधला कॉलेज-पातळीचा भूगोल कोर्स) रिव्हिजन

शहरात कोणती वस्ती कुठे असते हे सांगणारी ही दोन मॉडेल, दोन्हींचा संबंध शिकागोशी म्हणून पोरं हमखास गोंधळतात. बर्जेसचं १९२५ चं, मधे सीबीडी (शहराचा मुख्य व्यापारी भाग) आणि भोवती रिंगा, एकूण पाच झोन. नवीन आलेले लोक सीबीडीला लागून असलेल्या ट्रान्झिशन झोनमधे स्वस्तात राहतात आणि पैसा आला की बाहेर सरकतात, हे सरकणंच खरं लक्षात ठेवा, चित्र काय कोणीही काढतं. हॉयट १९३९ चा, त्याने घरभाड्याचे आकडे बघितले तर रिंगा नाहीत, पाचरी दिसल्या. रेल्वेलाइनला धरून कारखाने, शेजारी कामगार, आणि शिकागोत श्रीमंत वस्ती उत्तरेला तळ्याकाठाने वर वर सरकत गेलेली. मला हॉयट जास्त पटतो कारण त्यात रस्ते-रेल्वे आहेत, पण सुरुवात बर्जेसपासूनच करा, त्याच्याशिवाय हॉयट कशाला उत्तर देतोय तेच कळत नाही.