घड्याळाच्या साखळीला कोणता चाकू लावावा?

आजोबांचे खिशातले घड्याळ घड्याळजीकडून चालू होऊन आले, सोनाराने साखळी उजळून दिली, जाकिटाच्या काजात तिची आडवी दांडी नीट बसली, की साखळीचे दुसरे टोक रिकामे असल्याचे डोळ्यांत भरते. ओळखीच्या तिघाचौघांनी मला आजवर हाच प्रश्न केला आहे: इथे लहानसा चाकू लावायचा आहे, पण कोणता? जुना चांदीचा, जुना सोनेरी अमेरिकन, की नवा स्विस? तिन्ही मी साखळीवर लावून वापरले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. रोज काही ना काही कापणार असाल तर स्विस घ्या, साखळीची शोभा हवी असेल तर सोनेरी अमेरिकन. चांदीचा मात्र फळे चिरण्याची हौस असेल तरच घ्यावा.

या साखळीला व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्यावरून ‘अल्बर्ट’ म्हणतात. दुहेरी अल्बर्टला दांडीच्या दोन्ही बाजूंना साखळी असते. एक टोक घड्याळाच्या खिशात जाते, तर दुसऱ्या खिशात काड्यापेटीची डबी, नाण्यांची डबी किंवा चाकू. चाकूला इंग्रजीत ‘पेन नाइफ’ हे नाव पडले ते पिसाच्या लेखणीमुळे. आपल्याकडे बोरू तासायला जसा चाकू लागे, तसा तिकडे हंसाच्या पिसाला टोक काढायला लागे. १८२०-३०च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पोलादी निबा ढिगाने निघू लागल्या आणि चाकूचे मूळ काम हळूहळू संपले. चाकू मात्र खिशातून गेला नाही. पाकिटे फोडायला, दोरा तोडायला, नखाखालचा मळ काढायला तो उपयोगी पडत राहिला, आणि साखळीवर लटकायचे म्हणून अंगाने बारीक झाला. मिटल्यावर दोन-अडीच इंच, चपटा, एका टोकाला कडी. यापेक्षा जड चाकू लावलात तर जाकिटाचा खिसा लोंबतो आणि काजावर ताण येतो.

आधी चांदीच्या चाकूबद्दल, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. इंग्लंडमधल्याच शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या गावांत बनलेले शिंपल्याच्या मुठीचे हे चाकू दिसायला अतिशय देखणे असतात. पण त्यांचे पातेच चांदीचे असते. कैरी चिरल्यावर लोखंडी विळी कशी काळी पडते ते आपण जाणतो, शिवाय फोडीला लोखंडाची चव लागते ती वेगळीच. म्हणून फळांसाठी चांदीचे पाते. संत्रे सोलायला, पेरूच्या फोडी करायला हा चाकू फार सुरेख आहे. पण चांदी मऊ धातू. सुतळी कापायला जाल तर धार वाकेल, आणि अंड्याने पाते काळवंडेल. त्याचा एक फायदा असा की पात्यावरच सरकारमान्य छाप असतात, त्यामुळे वय आणि गाव ओळखता येते. चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे शेफील्ड (१९७४पर्यंत, नंतर तिथे गुलाब आला). शेजारचे अक्षर वर्ष सांगते. हे छाप भिंगाखाली स्पष्ट दिसत नसतील तर तो चाकू सोडून द्यावा.

शेफील्डचे पोलादी पात्याचे छोटे चाकू ही वेगळी जात. तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणवणारे कारागीर भाड्याच्या खोलीत बसून एकेक चाकू हाताने जुळवत. त्यांच्या शेवटच्या पिढीतले स्टॅन शॉ २०२१मध्ये गेले. तिथल्याच जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस हा छाप १६८२चा. तो इतका गाजला की त्याच्या नकला जगभर झाल्या, तेव्हा नुसते नाव वाचून भाव देऊ नका. चाकू उघडून पाहा. पाते अर्ध्यावर आल्यानंतरही स्प्रिंगने त्याला जोराने ओढून घेतले पाहिजे, आणि पूर्ण उघडल्यावर ‘टक्’ असा खणखणीत आवाज आला पाहिजे. जुळवणी चांगली असेल तर शंभर वर्षांनंतरही तो आवाज येतो. मला या चाकवांबद्दल जे प्रेम आहे ते त्या आवाजामुळेच.

आता सोनेरी अमेरिकन. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत, मनगटी घड्याळाने खिशातल्या घड्याळाला हटवेपर्यंत, अमेरिकेत असे चाकू भरपूर निघाले. मूठ ‘गोल्ड फिल्ड’, म्हणजे पितळेसारख्या धातूवर उष्णता आणि दाब देऊन सोन्याचा पातळ पत्रा बसवलेला. आपल्याकडच्या ‘एक ग्रॅम’ दागिन्यांवरच्या मुलाम्यापेक्षा हा थर बराच जाड असतो. आज अमेरिकेत हे नाव लावायचे तर वजनाचा निदान विसावा भाग हा सोन्याचा पत्रा असावा लागतो. मुठीवर बारीक नक्षी आणि मालकाची आद्याक्षरे कोरायला मोकळी जागा असते. आत एक पाते आणि एक कानस, किंवा दोन पाती. साखळीवर सर्वांत बरा बसतो तो हाच, कारण तो साखळीचा दागिना म्हणूनच घडवला गेला. खिशात उगाच फुगत नाही आणि अस्तराला अडकत नाही. कोपऱ्यांवर पितळ उघडे पडलेले असेल तर मात्र किंमत पाडून मागा, कारण पुन्हा मुलामा दिला तरी नक्षी बुजते. पात्याच्या मुळाशी ‘जर्मनी’ असे कोरलेले दिसले तर बिचकू नका. १८९०च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर आयात मालावर देशाचे नाव घालावे लागे, आणि जर्मनीतल्या झोलिंगेन गावची पाती उत्तमच असतात.

स्विस चाकवाबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ मिटल्यावर ५८ मिलिमीटर आणि २१ ग्रॅमच्या आसपास. त्यात पाते, नखांची कानस, कात्री, चिमटा, दातकोरणे आणि मुळातच कडी. पाते स्टेनलेस, गंजाची काळजी नाही. त्याची कात्री तर जुन्या कुठल्याही नक्षीदार चाकवापेक्षा रोज जास्त कामाला येते. लाल प्लॅस्टिक चांदीच्या साखळीवर मला खटकते. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मुठीचा ‘ॲलॉक्स’ घ्या, तो सडपातळ आणि साखळीच्या रंगाशी जुळणारा आहे. त्यात चिमटा आणि दातकोरणे नसते, एवढेच. नातवाला किंवा भाच्याला द्यायचा असेल तर मी डोळे मिटून हाच सांगेन.

जुना घेणाऱ्याने गंजाचा विचार पक्का करून घ्यावा. स्टेनलेस पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३मध्ये काढले, त्याआधीचे प्रत्येक पोलादी पाते गंजणारेच. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात घामट खिशात ठेवलेले पाते दोन दिवसांत ठिपके धरते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर, एक सांध्यात, आठवड्यातून एकदा. निळसर-राखाडी झाक आली तर घासू नका, ती पात्याला थोडे संरक्षणच देते. तांबूस पूड दिसली तर मात्र लगेच पुसून तेल लावा.

मुठीबाबत दोन गोष्टींत तडजोड करू नये. हस्तिदंत आणि खरे कासवाचे कवच भारतात विकत घेणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, चाकू कितीही जुना असो. आणि सेल्युलॉइडची मूठ, जी अनेकदा कासवाच्या कवचासारखी रंगवलेली असते, ती कधीकधी आतून कुजू लागते. तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या पात्यांनाही गंजवते. मूठ आक्रसलेली, तडे गेलेली किंवा उग्र वासाची वाटली तर ती बाकीच्या चाकवांबरोबर एका डबीत ठेवू नका. शिंपल्याची मूठ टिकते, फक्त फरशीवर पडू देऊ नये आणि व्हिनेगर, लिंबू यांत बुडवू नये.

हे सगळे पाहून झाल्यावर कडी पाहा. खरे तर सर्वांत आधी पाहा. माझा पहिला शिंपल्याचा चाकू मी मूठ आणि पाते पारखून घेतला होता. कडी आतल्या बाजूने झिजून दोऱ्याएवढी झाली होती, तिकडे नजर गेली नाही. महिन्याभरात तो बसमध्ये कुठे गळाला ते कळलेच नाही, साखळीला फक्त कडीचा अर्धा तुकडा राहिला. अजून हळहळ वाटते. तेव्हापासून मी चाकू घेताना कडी भिंगाखाली फिरवून पाहतो, आणि ती कागदाच्या पिनेपेक्षा बारीक वाटली तर सोनाराकडून नवी बसवून घेतो. त्याला फार खर्च येत नाही. घड्याळ आणि चाकू एकाच खिशात कधी ठेवू नका, काचेवर आणि झाकणावर चरे पडतात. आणि साखळीला लहानसा आकडा (हूक) लावून घ्या, म्हणजे चाकू पटकन सोडवता येतो. आपल्याकडे विमानात हातातल्या सामानात एवढासाही चाकू चालत नाही, तो प्रवासाला निघताना घरीच काढून मोठ्या बॅगेत टाकावा लागतो.