मोडी लिप्यंतर सेवा, सदाशिव पेठ : आमच्या वाडीच्या नऊ कागदांचा अनुभव

इंदापूर तालुक्यातील आमची वाडी जेमतेम अकरा उंबऱ्यांची असून तिची नोंद मूळ मौज्याच्या, म्हणजे मुख्य महसुली गावाच्या दप्तरातच दडलेली आहे. पुणे पुराभिलेखागारातून मिळवलेल्या नकला आणि मोजणीचे जुने उतारे असे नऊ कागद मी सदाशिव पेठेतील एका मोडी लिप्यंतर सेवेकडे वाचनासाठी दिले होते.

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. त्यामुळे अंदाजाने वाचणारा माणूस कागदाचा अर्थच फिरवू शकतो. येथे वाचन करणाऱ्या बाईंनी मात्र प्रत्येक ओळीखाली देवनागरी ओळ दिली, आणि जो शब्द लागला नाही तेथे सरळ कोरी जागा सोडली. हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सर्वांत जुना कागद ‘सन सलास सबैन मया व अलफ’चा, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील अरबी अंकनामांची कालगणना) ११७३ चा निघाला, इसवी सनाप्रमाणे तो १७७२-७३ होतो. तो इस्ताव्याचा कौल, म्हणजे सरकारने दिलेला लेखी करार आहे. पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून पहिल्या वर्षी सारा अगदी हलका ठेवून पुढे तो वर्षागणिक चढवत नेण्याची ही पद्धत होती, आणि आमची वाडी अशाच कौलावर वसली. विहीर आमच्या पूर्वजांनी खणली असे घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाई. कौलात मात्र ‘जुनी विहीर गाळ काढून’ असे शब्द आहेत. म्हणजे आमच्याआधीही तेथे कोणीतरी शेती करत होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

इंग्रजी अमलातील नव्या मोजणीची सुरुवात १८३६ मध्ये आमच्याच तालुक्यातून झाली, हेही मला बाईंकडूनच कळले. पुढच्या काळातील मोजणीच्या टिपणात (शेताच्या मापांच्या नोंदीत) बांधापासून विहिरीचे अंतर ४ साखळ्या ८ आणे दिले आहे. साखळी ३३ फुटांची आणि आणा तिचा सोळावा हिस्सा, हे त्यांनी समजावून दिल्यामुळे गावी जाऊन आम्ही १४८ फूट ६ इंच टेप धरला, तो थेट विहिरीच्या काठाशी पोहोचला.

पंधरा दिवसांचे काम पाच आठवड्यांवर गेले आणि विचारल्याशिवाय कोणी कळवले नाही, ही उणीव नोंदवावीच लागेल. कागद देताना मोबाइलवरील फोटो देऊ नयेत, मूळ आकाराची स्वच्छ झेरॉक्स द्यावी. फोटोत शाईचा डाग आणि अक्षर यांतला फरक कळत नाही.