खेकड्यांचा खारा हौद: सगळं जमलं, हायड्रोमीटर सोडून

"काट्याला बुडबुडे चिकटले असतील, टिचकी मारून पाहा." हायड्रोमीटर (पाण्याचा खारटपणा काट्यावर दाखवणारं यंत्र) एकाच पाण्याचे वेगवेगळे आकडे दाखवतो, अशा इतक्या ईमेलनंतर कंपनीकडून एवढंच उत्तर आलं. वर पुढच्या खरेदीवर सूट! टिचकी मारायची असते हे खोक्यावर छापायला शाई महाग पडते का?

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या शंखांतले हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) विकतात, तिथून आमच्याकडे हे पर्पल पिंचर जातीचे आले. टँक, ओलावा, वाळू आणि नारळाचा भुसा हे तुम्ही केलेलं आहे असं धरून फक्त टँकमधल्या खाऱ्या पाण्याच्या हौदाबद्दल लिहितो. हा खेकडा जमिनीवरचा असला तरी शंखात पाणी साठवतो. त्याचे कल्ले त्यावरच ओले राहतात, आणि गोड्या-खाऱ्या पाण्यात आलटून पालटून बुडी मारून त्या साठ्याचा खारटपणा तो स्वतः जुळवतो. म्हणून हौद दोन लागतात, आणि दोन्ही इतके खोल, की शंख बुडेल.

मिठावर पैसे वाचवू नका, हे माझ्यासारखा माणूस सांगतोय म्हणजे बघा. आईचं म्हणणं होतं, खडेमीठ समुद्राचंच ना, मग मुठभर टाक. पण मिठागरात खडे धरतात ते मुख्यतः सोडियम क्लोराइडचे. मॅग्नेशियमचे क्षार बरेचसे उरलेल्या पाण्यात राहतात. मत्स्यटाकीच्या सागरी मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं असतं. 'खेकड्यांसाठी तयार खारं पाणी' म्हणून छोट्या बाटल्या मिळतात, त्या मात्र शुद्ध लूट. मोठी पिशवी घेतली की खूप पुरते. आईची दुसरी सूचना होती तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी वापरायची. तांबं आपल्याला चालेल, खेकड्यांना ते विष. शिवाय आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (निर्जंतुक करायला घालतात ते रसायन) आहे. ते क्लोरीनसारखं रात्रभर उघडं ठेवून उडत नाही, त्यामुळे ते निकामी करणारा कंडिशनर घालावाच लागतो.

आता तो काटा. पाहिजे 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे काट्यावर विशिष्ट घनता 1.026 च्या आसपास. सकाळी 1.026 दाखवणारं तेच पाणी दुपारी 1.022! बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि फिकं पाणी खारट दिसतं. काट्यावर मीठ वाळलं की वजन वाढून उलटं होतं. म्हणजे दरवेळी गोड्या पाण्यात खंगाळा, भरा, टिचकी मारा, थांबा, परत टिचकी मारा. प्रवाळांची टाकी (रीफ टँक) ठेवणाऱ्या मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) आणला तर आमचं '1.026' निघालं 1.021. खेकडे काही लगेच मरत नाहीत एवढ्या फरकाने, हे मान्य. पण मोजायचं यंत्र मोजत नसेल तर विकता कशाला?

शेवटी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा कामाला आला. पाकिटावर लिटरला जेवढे ग्रॅम दिले आहेत तेवढे तोलायचे (आमच्या मिठाला साधारण 38), बादलीत ढवळायचं, पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं. मित्राच्या यंत्रावर तपासलं, बरोबर आलं. एकच अट: मीठ हवाबंद डब्यात हवं. इथल्या ऑगस्टच्या दमट हवेत ते ओल धरतं, मग वजनात पाणीच तोललं जातं.

हौदासाठी श्रीखंडाचे मोठे प्लास्टिकचे डबे वापरले. स्टीलचं भांडं खाऱ्या पाण्यात गंजतं. डब्याच्या गुळगुळीत भिंतीवर खेकडा चढू शकत नाही, म्हणून आत प्लास्टिकची भरतकामाची जाळी उतरती लावायची. बाहेरून मार्करने पातळीची रेघ मारा. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रेघेपर्यंत भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे.

बुडबुड्यांचा पंप ही मला सुरुवातीला चैन वाटली होती. रोज पाणी बदललं की झालं, असं मी दोघातिघांना सांगितलंही. ते मत बदललंय. खेकडे अन्न ओढत आणून पाण्यात टाकतात आणि एका दिवसात वास मारतो. पंपाला एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) लावल्यावर पाणी जास्त टिकतं आणि टँकमधला ओलावाही वाढला. पण जोर जास्त असला तर खारे तुषार काचेवर पांढरा थर धरतात आणि, त्याहून वाईट, वाळूत झिरपतात. खाली कात टाकायला पुरून बसलेला खेकडा असेल तर चिखल झालेली वाळू त्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा पंप घेताना हवा कमी-जास्त करायची छोटी चावी वेगळी मागून घ्या. आमच्या खोक्यात ती नव्हती.