शववाहिका आणि रुग्णवाहिका एकाच मैदानात: ओहायोतील एका मेळाव्याविषयी

ओहायो राज्यात उन्हाळा सुरू झाला की जुन्या मोटारींचे मेळावे जवळजवळ दर शनिवारी कुठे ना कुठे भरतात, आणि दोन-चार पाहून झाले की त्याच मस्टँग, त्याच कॉर्व्हेट पुन्हा पाहण्याचा कंटाळा येऊ लागतो. या वर्षी मी ज्या मेळाव्याला गेलो, तो मात्र या साऱ्यांहून निराळा होता. जुन्या शववाहिका आणि रुग्णवाहिका जपणाऱ्या हौशी मंडळींच्या एका स्थानिक क्लबाने तो भरवला होता. मांडणीत आणि व्यवस्थेत अनेक उणिवा असूनही तो आवर्जून पाहावा असे माझे मत झाले.

या छंदासाठी ओहायोइतकी योग्य भूमी अमेरिकेत दुसरी सापडणार नाही. अशा गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कंपन्यांपैकी सुपीरिअरचा कारखाना लायमा या गावी होता (लिहिताना 'लिमा' दिसत असले तरी स्थानिक लोक लायमाच म्हणतात), मिलर-मीटिअरचा पिक्वा येथे, हेस अँड आयझेनहार्टचा सिनसिनाटीत आणि फ्लेक्सिबलचा लाउडनव्हिल येथे. या गाड्यांना अमेरिकेत एकत्रितपणे 'प्रोफेशनल कार' म्हणतात आणि त्यांच्या जतनासाठी प्रोफेशनल कार सोसायटी ही संस्था १९७६ पासून काम करत आहे. मी पाहिलेला मेळावा त्याच परंपरेतला होता. कवट्या, सांगाडे, गाडीत ठेवलेल्या खोट्या शवपेट्या असला थिल्लर प्रकार येथे एकाही गाडीत नव्हता. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी दाखवायची, हा आग्रह सर्वत्र जाणवत होता.

प्रवेशद्वाराशीच १९५९ सालची मिलर-मीटिअर कॅडिलॅक उभी केली होती. उंच शेपटीसारखे पंख असलेली ही वीस फुटांहून लांब गाडी पाहताच गर्दी तिथेच खिळते, हे आयोजकांना नेमके ठाऊक असावे. कॅडिलॅक कंपनी अशा गाड्यांसाठी नेहमीच्या मोटारीपेक्षा लांब आणि भक्कम अशी खास चासी, म्हणजे चाकांवरचा मूळ सांगाडा, पुरवत असे. १९५९ मध्ये तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर १५६ इंच होते. त्या चासीवर पुढच्या काचेमागची सगळी बॉडी वर उल्लेखलेल्या कारखान्यांत चढवली जाई. शववाहिकेच्या मागच्या बाजूवर चमकणारी 'एस' आकाराची पट्टी ही घोडागाडीच्या दुमडत्या छपराच्या बिजागरीची आठवण आहे. छप्पर आता दुमडत नाही, पट्टी तेवढी शोभेपुरती उरली आहे. पलीकडे फुलांची गाडीही होती: पुढून मोटार, मागून उघडा हौदा, आणि त्यात अंत्ययात्रेची पुष्पचक्रे. ती पाहून होण्यास दोन मिनिटे पुरली.

मेळाव्याचा खरा गाभा होता तो 'कॉम्बिनेशन कार' या प्रकारात. ही एकच गाडी सकाळी शववाहिका आणि दुपारी रुग्णवाहिका होत असे. एका वृद्ध मालकाने आपल्या साठच्या दशकातील गाडीवर हे रूपांतर आमच्या डोळ्यांदेखत करून दाखवले. शवपेटी आत सरकवण्यासाठी गाडीच्या तळात बसवलेले रूळ त्यांनी एकेक करून उलटे फिरवले, तेव्हा खालची सपाट बाजू वर येऊन गुळगुळीत फरशी तयार झाली. मग भिंतीलगत दुमडून ठेवलेले परिचारकाचे आसन उघडले, चाकांचा स्ट्रेचर आत ढकलून खिळीत अडकवला, खिडक्यांचे पडदे काढले, काचेवर 'अँब्युलन्स' लिहिलेली पाटी लावली आणि छतावर लाल दिवा चढवला. हे सारे काही मिनिटांतच पार पडले.

माझ्या बरोबर साताऱ्याहून आलेली आई होती. तिने तोवर एकाही शववाहिकेजवळ जाण्यास नकार दिला होता, रुग्णवाहिकेत मात्र ती डोकावून आली होती. दोन्ही गाड्या एकच, हे समजल्यावर तिने मला हळूच विचारले, "अरे, मग यांना पैसे कशात जास्त मिळायचे?" मी तो प्रश्न थोडा सौम्य करून मालकांपुढे ठेवला. ते हसले आणि त्यांनी सरळ उत्तर दिले. अशा गाड्या बाळगणाऱ्या फ्युनरल होमवाल्यांना, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय चालवणाऱ्यांना, रुग्णवाहिकेत सहसा तोटाच होत असे, परंतु गावात सद्भाव राहावा आणि पुढे वेळ आली तर त्या कुटुंबाने आपल्याच दारी यावे म्हणून ती सेवा चालू ठेवली जाई. आईचे समाधान झाले. सर्व दिवसातील सर्वांत मोलाची माहिती मला तिच्यामुळे मिळाली, कारण गाड्यांसमोर लावलेल्या एकाही फलकावर ती नव्हती.

माझी मुख्य तक्रार याच फलकांविषयी आहे. इंजिनाची क्षमता, रंगाचा मूळ क्रमांक, कोणते भाग अस्सल आणि कोणते बदललेले, हे सर्व त्यांवर काटेकोरपणे लिहिलेले होते. पण या गाड्या रस्त्यावर का आल्या आणि का नाहीशा झाल्या, याविषयी अवाक्षरही नव्हते. वास्तविक ही कथा फार रंजक आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९६६ मध्ये अपघाती मृत्यूंविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले होते की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा १२,००० फ्युनरल होमवाले चालवतात, आणि त्याचे मुख्य कारण एवढेच की माणसाला आडवे नेता येईल अशी गाडी त्यांच्यापाशी असते. त्या गाडीत रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाला उपचाराचे प्रशिक्षण असेलच, याची हमी नव्हती. या अहवालानंतर प्रशिक्षण आणि साधने यांविषयीचे नियम कडक होत गेले. १९७४ मध्ये रुग्णवाहिकांसाठी केंद्रीय मानके आली आणि परिचारकाला आत वावरता येईल अशा उंच व्हॅन व ट्रकच्या चासीवरील गाड्या पुढे आल्या. बुटक्या, देखण्या कॅडिलॅक त्यात बसत नव्हत्या. १९७७ मध्ये कॅडिलॅकने आपल्या मोटारी आखूड केल्या आणि ते दशक संपता संपता मोटारीच्या चासीवरची रुग्णवाहिका अमेरिकेत जवळजवळ संपली. आयोजकांनी हा इतिहास एका मोठ्या फलकावर मांडला असता, तर निव्वळ चकाकी पाहून परतणाऱ्या बहुसंख्य लोकांना या गाड्यांचे मोल कळले असते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. प्रवेश विनामूल्य होता, पार्किंग सोयीचे होते, पण मैदानात सावली नावालाही नव्हती. खाण्याचा एकच ठेला होता. तेथे शाकाहारी माणसाला तळलेल्या बटाट्यांखेरीज काहीही मिळत नव्हते, आणि तेही दुपारी एकपर्यंत संपले. ध्वनिक्षेपकावरून काय सांगितले जात होते, ते मागच्या रांगेत कोणालाही ऐकू येत नव्हते. परीक्षक हातात कागद घेऊन क्रोमच्या पट्ट्या तपासत फिरत होते आणि त्यांच्या मागे मालक परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसारखे उभे होते. ते दृश्य मला गाड्यांइतकेच पाहण्यासारखे वाटले.

मालकांच्या सौजन्याला मात्र पूर्ण गुण द्यावे लागतील. एकाही गाडीभोवती दोरी नव्हती आणि विचारल्यावर प्रत्येकाने मागचे दार उघडून दाखवले. लहान मुलांच्या प्रश्नांना, मग ते कितीही अवघड असोत, न टाळता आणि न भिववता उत्तरे दिली जात होती.

दुपारी तीन वाजता सर्व रुग्णवाहिकांचे भोंगे एकत्र वाजवले जातात. हे जुने यांत्रिक भोंगे आजच्या इलेक्ट्रॉनिक सायरनसारखे एकदम ओरडत नाहीत. आतले चक्र हळूहळू वेग घेते तसा आवाज खर्जातून वर चढत जातो, आणि बटण सोडल्यावरही बराच वेळ उतरत राहतो. ते बॅटरीतून वीज इतकी ओढतात की मालकांनी आधी इंजिने सुरू केली होती. कान नाजूक असलेल्यांनी आणि तान्ही मुले बरोबर असलेल्यांनी त्या वेळी मैदानाच्या दूरच्या टोकाला जावे. आईने कानांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकले, आणि गाडीत बसल्यावर पुढच्या वर्षी डबा घरूनच नेऊ असे सांगितले.