रास्पबेरी पाय ५: २७ वॅटचा अडॅप्टर की घरातला चार्जर आणि पॉवर्ड हब?

रास्पबेरी पाय ५ या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाला यूएसबी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) जोडून तो दिवसरात्र चालू ठेवायचा असेल, तर दोन मार्ग समोर येतात: कंपनीचा २७ वॅटचा अडॅप्टर घेणे, किंवा घरातला टाइप-सी चार्जर ठेवून डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी) घेणे. मी दोन्ही वापरले आहेत.

चार्जरवर छापलेल्या ६५ वॅटचा येथे फारसा उपयोग होत नाही. या बोर्डाला ५ व्होल्टलाच ५ अँपिअर हवे असतात आणि बहुतेक चार्जर त्या व्होल्टेजला ३ अँपिअरवर थांबतात. तसा चार्जर आढळला, की बोर्ड चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो; २७ वॅटच्या अडॅप्टरवर हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. त्यात केबल बारीक असेल, तर आणखी घट होते: ०.१५ ओहम रोधाच्या केबलमध्ये ३ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. अडॅप्टरची केबल त्यालाच जोडलेली असते आणि तो ५.१ व्होल्ट देतो, त्यामुळे ही शंका उरत नाही.

मोठी फाइल लिहिताना माझी एसएसडी मध्येच दिसेनाशी होत असे. हब लावल्यावर ते पूर्ण थांबले. मात्र मला खटकले ते दुसरेच. हबमधून डिस्कला किती वीज मिळते हे बोर्डाला कळत नाही. त्याला दिसतो तो ३ अँपिअरचा चार्जर, आणि अशा पुरवठ्यावर यूएसबीवरून बूट होणे, म्हणजे त्या डिस्कवरून संगणक सुरू होणे, मुळातच बंद ठेवलेले आहे. परिणामी आपण परगावी असताना वीज जाऊन आली, तर घरातल्या कोणीतरी पॉवर बटण दाबेपर्यंत बोर्ड तसाच थांबून राहतो. बूटलोडरमध्ये (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ५ अँपिअरचा पुरवठा असल्याचे नोंदवून हे टाळता येते. पण मग ६०० मिलिअँपिअरचे संरक्षणही जाते, आणि उद्या कोणी थेट बोर्डाला दुसरी डिस्क लावली तर व्होल्टेज कोसळू शकते. शिवाय काही हब बोर्डाकडे उलटी वीज सोडतात, त्यामुळे चार्जर काढूनही लाल दिवा मंद जळत राहतो.

प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे खरे. मेमरी कार्डवरून बूट करणाऱ्याला हबचा मार्ग पुरेसा ठरावा. एकाच एसएसडीवर सगळे चालवायचे असेल, तर मला अडॅप्टरच योग्य वाटतो. फिरत्या तबकडीच्या दोन हार्ड डिस्क असतील, तर सुरू होताना त्यांना १.६ अँपिअर पुरण्याची खात्री नसते. तेव्हा हब घ्यावाच, पण बोर्डाला २७ वॅटचा अडॅप्टर ठेवून.