धुळ्याचं कमानकाम: पाटा पक्का बसतो, शॉकअपचं माप मात्र घरूनच घेऊन जा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या कमानीचं, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या (पाट्यांच्या) स्प्रिंगचं काम इथे रोजचं. त्याच कारागिरांकडे आता लिफ्ट केलेल्या, म्हणजे मुद्दाम उंच केलेल्या गाड्याही येतात. जास्त करून बोलेरो आणि २०१० ते २०२० मधली जुनी थार, म्हणजे मागे पाट्याची कमान असलेल्या गाड्या. तक्रार एकच: मागून मऊ झाली, खड्ड्यातून निघाली की झोके घेत राहते. त्यावर कारागिराचं उत्तरही ठरलेलं असतं, "एक पाटा टाकी देसू भाऊ." पाटा ते खरंच उत्तम टाकतात, पण त्याने निम्माच रोग जातो.

मऊपणा वेगळा आणि झोके वेगळे. वजन टाकल्यावर मागची बाजू खाली बसते आणि बंप रबरावर (चॅसीखालच्या धक्का झेलणाऱ्या रबरावर) आपटते, तेव्हा कमान कमजोर असते. रिकामी गाडीच डोलत असेल तर दोष शॉकअपचा, म्हणजे झोके आवरणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचा. मागचा बंपर जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच थांबली तर ठीक. दोन-तीनदा खालीवर झाली तर शॉकअप गेला. लिफ्ट केलेल्या गाडीत बहुतेक वेळा दोन्ही दोष एकत्र सापडतात, कारण लांब शॅकल (कमानीचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी) लावून गाडी उचलतात, पण कमान तीच थकलेली आणि शॉकअपही तोच आखूड राहतो.

जाण्याआधी टायरची हवा कंपनीने सांगितल्याइतकी करा. जाड टायरमध्ये हवा जास्त झाली की टायरच उसळतो आणि दोष कमानीला लागतो. मग गाडी सपाट जागी लावून चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. मागच्या चाकांच्या बरोबर वर सिमेंटच्या ४ गोण्या, म्हणजे २०० किलो, ठेवा आणि पुन्हा मोजा. (युरियाची गोणी घेऊ नका. ती आता ४५ किलोची येते आणि हिशेब चुकतो.) समजा ४० मिमी खाली बसली, तर दोन्ही कमानी मिळून मिमीला ५ किलो आणि एका बाजूला अडीच किलो. हा आकडा कागदावर असला की किती ताकद वाढवायची यावर कारागिराशी नीट बोलता येतं.

आता त्यांच्या कामाबद्दल. चांगला कारागीर कमान पूर्ण उतरवतो, पाटे सुटे करून घासतो, प्रत्येक पाट्याच्या टोकाशी पडलेली खाच बोटाने चाचपतो आणि चीर दिसली तर तो पाटा बाजूला टाकतो. नवा पाटा मेन पाट्याच्या (सगळ्यात वरच्या, मुख्य पाट्याच्या) खालचा, लांब घ्यायला लावतो. हे अगदी बरोबर आहे. मधे आखूड जाड पाटा कोंबला तर कमान फक्त मध्यावर कडक होते, सगळा ताण त्याच्या टोकाशी येतो आणि मेन पाटा नेमका तिथे तुटतो. जाडीबाबत हट्ट धरू नका. कडकपणा जाडीच्या घनाने (जाडी × जाडी × जाडी) वाढतो. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा घेतला तर तो एकटा दीडपटीहून जास्त कडक होतो आणि ८ मिमीचा सव्वादोनपटीच्याही वर जातो. रिकाम्या गाडीत मग पाठ मोडते.

एका गोष्टीवर मात्र उभं राहून लक्ष ठेवा: जुन्या पाट्याला बाक देताना गॅस लागता कामा नये. थंड पाटा ऐरणीवर घनाने ठोकून बाक दिला तर ठीक. लाल करून वाकवला तर पोलादाचं पाणी (टेंपर) उतरतं, उंची त्या दिवशी छान दिसते आणि थोड्याच दिवसांत कमान पुन्हा बसते.

कमी पडतं ते पुढचं. पाटा वाढला की कमान जास्त जोराने परत उसळते, आणि तिला आवरायला शॉकअपही तेवढाच जोरदार लागतो. शिवाय पाट्यांमधल्या गंजाचं घर्षण आतापर्यंत झोके थोडे आवरत होतं, तेही साफसफाई आणि ग्रीसनंतर जातं. म्हणून नुसता पाटा टाकून निघालेली गाडी वजन छान पेलते, पण लळिंगच्या घाटात किंवा पावसाळ्यानंतर वाळलेल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत आधीपेक्षा जास्त उसळते. कारागिराचा यात हलगर्जीपणा नाही. त्याने कमान बघितली, शॉकअप त्याच्या हिशेबात नव्हता.

तो हिशेब आपण करायचा. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या दोन्ही डोळ्यांतलं (टोकांच्या बोल्टच्या भोकांतलं) अंतर मोजा. मग चॅसी जॅकवर घेऊन मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा अॅक्सल) पूर्ण लटकू द्या आणि शॉकअप काढून त्याच्या वरच्या-खालच्या बोल्टांच्या जागांमधलं अंतर पुन्हा मोजा. नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर या दुसऱ्या मापापेक्षा थोडा लांबच हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात तो ताणून ठक्क वाजेल आणि त्याचा डोळा तुटेल. दबताना मात्र हाउसिंग बंप रबराला टेकलं तरी शॉकअपमध्ये अजून २०-२५ मिमी दबायला जागा उरायला हवी. उरत नसेल तर बंप रबर तेवढा खाली आणावा लागतो.

शॅकलने उचललेल्या गाडीत अजून एक गोष्ट बघा. शॅकल २ इंच लांब केला तर गाडी सुमारे १ इंचच उचलते, आणि हाउसिंगचं तोंड वर फिरतं. ठरावीक वेगाला घरघर येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला दोष देण्याआधी कमानीखाली पाचर घालून तो कोन सुधारा. मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा पुन्हा जुळवून घ्या. गाडी उचलली की तो तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या, म्हणजे २०२० नंतरची थार किंवा जिम्नी, इथे आणण्यात अर्थ नाही. त्यांना वजनाला साजेशी नवी स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉकअपच लागतो.

जोडणी होताना यू-बोल्ट (कमान हाउसिंगला आवळणारे) नवेच घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका. बुश आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे आवळायला सांगा. लटकत्या कमानीवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. १०० किमी झाल्यावर यू-बोल्ट तिरप्या क्रमाने (एका कोपऱ्यानंतर समोरचा तिरपा) परत आवळा, ५०० किमीला पुन्हा एकदा, आणि त्याच वेळी गोण्या ठेवून उंची परत मोजा.